दहा डॉलरचा वकील

अमेरिकेतल्या माजी सैनिकाला अपंगत्वाच्या भरपाईसाठी वकील करायचा असेल, तर त्या वकिलाने दहा डॉलरपेक्षा जास्त फी घेणं हा १९८८ सालापर्यंत फौजदारी गुन्हा होता. हा आकडा १८६४ मधला. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि जखमी शिपायांच्या, सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनवर डल्ला मारणाऱ्या दलालांना वेसण घालायची होती. हेतू चांगलाच होता. पण पुढे दोन महायुद्धं झाली, कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, तरी दहा डॉलर तिथेच राहिले. एवढ्या पैशांत फाइलची दोरी सोडायलाही कोण बसणार? किरणोत्सर्गाची बाधा झालेल्या सैनिकांच्या संघटनेने या मर्यादेला आव्हान दिलं, पण १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की ही व्यवस्था भांडणाची नाही, मदतीची आहे. वकील शिरले की ती बिघडेल.

या निकालामागचा विचार बराच जुना आहे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १७७६ मध्येच जायबंदी सैनिकांना अर्धा पगार देऊ केला होता. १७९२ मध्ये अशा सैनिकांचे अर्ज तपासायचं काम न्यायाधीशांवर सोपवलं, पण त्यांचा निर्णय युद्धमंत्री फिरवू शकत होता. न्यायाधीश बिथरले. न्यायालयाच्या निकालावर मंत्र्याने बसायचं म्हणजे काय? पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला. तेव्हापासून पेन्शन हा सरकारच्या औदार्याचा मामला ठरत गेला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टच म्हटलं: पेन्शन ही बक्षिसी आहे, तिच्यातून कायमचा हक्क तयार होत नाही. आणि बक्षिसी कमी पडली म्हणून दाद कुणाकडे मागायची?

त्याच्या वर्षभर आधी दार अधिकृतपणे बंद झालं होतं. मार्च १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन तडाख्यात, रूझवेल्ट यांनी काटकसरीच्या कायद्यावर सही केली. माजी सैनिकांच्या रकमांना मोठी कात्री लागलीच, शिवाय या निर्णयांविरुद्ध न्यायालयात जायची वाटही बुजली. जुलैमध्ये आदेश काढून अपील मंडळ नेमलं गेलं, पण तेही ‘व्हीए’च्याच, म्हणजे माजी सैनिक प्रशासनाच्या छपराखाली. नकार देणारा आणि नकारावरची तक्रार ऐकणारा एकाच घरातला. मंडळ नाही म्हणालं की विषय संपला. १९७४ मध्ये एक फट पडली ती कायद्याच्या घटनात्मकतेपुरतीच. तुमच्या पाठीच्या मणक्याच्या अपंगत्वाची टक्केवारी चुकली असेल, तर ती ऐकायला न्यायालय नव्हतं.

वकिलांच्या जागी अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांचे कार्यकर्ते उभे राहत, तेही विनामूल्य. त्यांनी पुष्कळ लोकांना तारलं हे खरंच. पण न्यायालयाचा हस्तक्षेप नको, असं म्हणणाऱ्या जुन्या संघटनाही होत्या, हे सहसा सांगितलं जात नाही. मैत्रीचं वातावरण बिघडेल ही भीती त्यांनाही होती. व्हिएतनामहून परतलेल्या पिढीला मात्र ही मैत्री कुठे दिसेना. एजंट ऑरेंज या तणनाशकामुळे आजार झाला म्हणावं, तर पुरावा आण. आणायचा कुठून? आधीच्या पिढ्यांतल्या अनेकांचा तर पुरावा जळूनच गेलेला. जुलै १९७३ मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापुस्तकं नष्ट झाली. १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. अशा फाइलींच्या बाबतीत व्हीएने जास्त काळजी घ्यावी, हे बंधन पुढे न्यायालयाने घातलं. पण त्यासाठी आधी न्यायालय असायला हवं होतं.

ते १९८८ मध्ये मिळालं. नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झालं आणि दहा डॉलरची मर्यादाही गेली. न्यायालयाची वाट बुजली त्यानंतर ५५ वर्षांनी.

दार उघडलं, पण आत शिरायला मुदत आली: मंडळाच्या निर्णयानंतर १२० दिवस. ती किती कडक, हे एका खटल्यात दिसलं. कोरियाच्या युद्धातला एक सैनिक, स्किझोफ्रेनियामुळे १०० टक्के अपंग ठरवलेला. घरी देखभालीसाठी जादा मदत मागितली, मंडळाने नाकारली. त्याने अपील केलं, पण १५ दिवस उशिरा. ज्या आजारासाठी मदत मागायची, त्याच आजारामुळे उशीर झाला, असं त्याचं म्हणणं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तारीख दाखवून त्याला परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एकमताने सांगितलं, की ही मुदत ओलांडली म्हणून न्यायालयाचा अधिकारच संपतो असं नाही. निकाल ऐकायला तो सैनिक हयात नव्हता. खटला त्याच्या प्रतिनिधीच्या नावे चालला होता.

असं अर्ध्या वाटेवर मरण येणं या व्यवस्थेत नवलाचं नाही, आणि घरच्यांचे खरे हाल तिथून सुरू होत. सेवेमुळे मृत्यू झाला असेल तर वारसांना दरमहा भरपाई मिळण्याची सोय १९५६ च्या कायद्यापासून आहे, पण तो दावा वेगळा. नवऱ्याचा अडकलेला दावा त्याच्याबरोबरच संपायचा. थकलेल्या रकमेसाठी विधवेने नव्याने अर्ज करायचा, आणि मृत्यूच्या दिवशी फाइलमध्ये जे कागद असतील तेवढ्यांवरच निर्णय व्हायचा. ऑक्टोबर २००८ पासून झालेल्या मृत्यूंच्या बाबतीत हे बदललं. वर्षाच्या आत मागणी केली तर ती त्याच्या जागी उभी राहू शकते, नवा पुरावाही देऊ शकते.

उरला प्रश्न वेळेचा. मंडळाने फाइल खाली पाठवायची, खालून ती परत वर, मधे नवा वैद्यकीय अहवाल, की पुन्हा खाली. घाण्याच्या बैलासारखं. २०१७ च्या कायद्याने, जो फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झाला, तीन वाटा वेगळ्या केल्या: नवा पुरावा देऊन पुन्हा दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, किंवा थेट मंडळाकडे अपील. निवडायला साधारण वर्षभर मिळतं. फेरतपासणीत नवा कागद चालत नाही, हे अनेकांना ती वाट धरल्यावरच कळतं.

न्यायालय नेमकं काय तपासणार, हा वाद अजून चालूच आहे. दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ असतील तर संशयाचा फायदा सैनिकाला, असा जुना नियम आहे. पण व्हीएने पुरावे तोलले ते बरोबर की चूक? मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की माजी सैनिकांच्या न्यायालयाने तो तराजू नव्याने हातात घ्यायचा नाही. उघड चूक दिसली तरच हात घालायचा.