मालीचा कापूस समजायचा तर आधी जळगावचा बघा

माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड हे आफ्रिकेतले कापूस पिकवणारे देश गरीब का राहिले म्हटलं की लोक लगेच भ्रष्टाचार, लोकसंख्या म्हणतात. ते असेलही, पण आपण खान्देशातले कापूसवाले, आपल्याला तरी हे जरा वेगळं दिसायला पाहिजे.

1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, मग इंग्रजांची नजर आपल्याकडं वळली. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला आली ती काय आपल्या सोयीसाठी नाय, माल मुंबई बंदराला न्यायला. भाव चढला, कपाशी वाढली, आणि 1865 ला युद्ध संपलं तसा भाव धाडकन पडला. पुढं जळगावला, अमळनेरला गिरण्या उभ्या राहिल्या, म्हणजे थोडी का होईना रुईचं सूत इथंच झालं, चार माणसांना पगार मिळाला.

तिकडं आफ्रिकेत ते फारच कमी झालं. हे चारही देश तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होते. फ्रान्सनं 1949 ला कापसासाठी सरकारी कंपनी काढली, बियाणं-खत उधारीवर द्यायचं, कापूस तिनंच घ्यायचा, जिनिंग करून म्हणजे सरकी काढून गाठी बाहेर पाठवायच्या. 1960 ला चारही देश स्वतंत्र झाले, पण पद्धत तीच राहिली. 1994 ला ह्या चौघांचं चलन फ्रान्सच्या फ्रँकला बांधलेलं होतं, त्या जानेवारीत त्याची किंमत एकदम निम्मी केली, कापसाचे पैसे थोडे वाढले पण बाहेरून येणारं खत अन् औषधं पण महागली.

मला सगळ्यात जास्त लागतं ते 2003 चं. अमेरिका स्वतःच्या कापूस शेतकऱ्यांना एवढी सबसिडी द्यायची की जगाचा भाव दबायचा, म्हणून हे चौघं डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेले, सबसिडी बंद करा आणि बंद होईस्तोवर आमची भरपाई द्या म्हणाले. त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कॅनकूनला डब्ल्यूटीओची बैठक झाली, ती काही न ठरताच मोडली. ब्राझीलनं मात्र रीतसर केस लावली, जिंकली, आणि 2014 ला तडजोड करून अमेरिकेकडून 30 कोटी डॉलर घेतले, कारण अमेरिकन मालावर उलटा कर लावायची ताकद त्यांच्याकडं होती. चाडनं कशावर कर लावायचा?

आजही मालीतल्या गाठी ट्रकवर शेकडो किलोमीटर जाऊन शेजारच्या देशाच्या बंदरात पोचतात, मालीला स्वतःचा समुद्रच नाही, आणि सूत निघतं ते बांगलादेशासारख्या लांबच्या देशात.