गद्दी कुत्रा: मेंढ्यांच्या राखणीतून घराच्या दारात

2025 च्या जानेवारीत देशी पाळीव जनावरांच्या सरकारी नोंदवहीत हिमाचल प्रदेशातल्या गद्दी कुत्र्याचं नाव लागलं. ही वही हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था ठेवते. तोवर तिच्यात कुत्र्यांच्या तीनच जाती होत्या: तमिळनाडूचे राजापालयम आणि चिप्पीपराई, आणि कर्नाटकातला मुधोळ. मुधोळची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको. घोरपड्यांच्या संस्थानाने ती जात सांभाळली आणि वाढवली. तिघेही दक्षिणेतले, सडपातळ अंगाचे, शिकारीला सोबत नेले जाणारे. गद्दीचा धंदाच निराळा. डोंगरात मेंढ्या राखणं हे त्याचं काम, आणि त्याच्या अंगातले बहुतेक गुणदोष या एका कामातून आलेत.

सरकारदरबारी नाव लागलं की जातीची चर्चा होते, आणि चर्चा झाली की पिल्लांना गिऱ्हाईक येतं. घरी पाळायला गद्दी कुत्रा मिळेल का, अशी विचारणा आता मैदानातल्या शहरांतूनही होणार. म्हणून हा कुत्रा कुठून आला, ते आधी बघायला हवं.

गद्दी ही मेंढपाळांची जमात. त्यांचं मूळ ठिकाण चंबा जिल्ह्यातलं भरमौर. चंबा संस्थानची जुनी राजधानी ती हीच. पुढे धौलाधारची रांग ओलांडून बरेच गद्दी कांगड्याच्या बाजूलाही वसले. शिवाचे भक्त, मणिमहेशाची यात्रा करणारे, अंगात लोकरीचा घोळदार चोळा आणि कमरेला लोकरीच्याच दोराचे वेढे. नुकतं जन्मलेलं कोकरू चालू शकत नाही, तेव्हा गद्दी ते दोराच्या वर चोळ्याच्या घोळात टाकतो आणि तसाच चढ चढतो. वर्षाचं गणित ठरलेलं असतं. हिवाळा कांगड्याच्या खालच्या टेकड्यांत काढायचा, उन्हाळा लागला की वर सरकायचं, पावसाळ्याच्या तोंडावर धौलाधारच्या खिंडी ओलांडायच्या. काही कळप कुगतीसारखी पाच हजार मीटर उंचीची खिंड पार करून लाहौलच्या कोरड्या कुरणांत जातात. थंडीची चाहूल लागली की त्याच वाटेने परत. आपल्याकडचे धनगर जसे शेतात मेंढ्या बसवतात, तसेच हिवाळ्यात गद्दीही खालच्या शेतांत कळप बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला मुक्काम.

या प्रवासात रात्र उघड्यावर जाते. झाडीच्या पट्ट्यात बिबट्या आणि काळं अस्वल, त्याच्या वर तपकिरी अस्वल आणि हिमबिबट्या, शिवाय चोर. शेकडो मेंढ्या-बकऱ्यांमागे माणसं दोन-चार. पगारावर कळप हाकणाऱ्या मेंढपाळाला तिकडे पुहाल म्हणतात. दिवसभर चालून थकलेला पुहाल रात्रभर जागणार कसा? जागायचं काम कुत्र्यांचं. ही कुत्री मेंढ्या हाकत नाहीत. परदेशी चित्रपटांत दिसणारं, शिट्टीच्या इशाऱ्यावर मेंढ्या वळवणारं कुत्रं वेगळं. गद्दी कुत्रा कळपाच्या कडेला पडून राहतो, दिवसा आळशीच वाटतो. अंधार पडला की उठतो, फेऱ्या मारतो, वास घेतो, भुंकतो. काही हललं तर मालकाच्या हुकमाची वाट न बघता धावून जातो. हुकूम द्यायला मालक जागा कुठे असतो?

गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो. बिबट्या मानेला धरतो, म्हणून खिळ्यांची टोकं बाहेर. ही युक्ती हिमालयापुरती नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमचा वारो याने शेतीवर लिहिताना अशाच पट्ट्याचं वर्णन केलंय. जाड कातडं, त्यात खिळे, आणि खिळ्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला रुतू नयेत म्हणून आतून मऊ कातड्याचं अस्तर. एखाद्या लांडग्याला या पट्ट्याचा इंगा मिळाला की पट्टा नसलेली कुत्रीही त्याच्यापासून वाचतात, असंही तो सांगतो. त्याने आणखी एक हकिकत दिली आहे. एका माणसाने लांबच्या उंब्रिया प्रांतातून मेंढ्यांचे कळप कुत्र्यांसकट विकत घेतले. जुन्या मेंढपाळांनी कळप दक्षिणेला पोचवून दिला आणि ते घरी परतले. काही दिवसांनी कुत्रीही मागोमाग उंब्रियात हजर! वाट कित्येक दिवसांची, खायला रानात मिळेल तेवढंच. पैसे मोजून कुत्रं घेता येतं, त्याची निष्ठा त्या सौद्यात येत नाही, हे पिल्लू आणायला निघालेल्यांनी जरूर वाचावं.

रंगाच्या बाबतीत मात्र गद्दी रोमनांचं ऐकत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला म्हणतो, मेंढ्यांचं कुत्रं पांढरं असावं, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून मेंढपाळ त्यालाच मारणार नाही. वाड्यावरचं कुत्रं काळं असावं, म्हणजे दिवसा चोर घाबरेल आणि रात्री त्याला ते दिसणार नाही. युरोपातली मेंढ्या राखणारी कितीतरी कुत्री खरोखरच पांढरी आहेत. गद्दी बहुतेक काळाच, छातीवर नाहीतर पायांवर पांढरा ठिपका असला तर असला. खाणंही साधं, मक्याची भाकरी आणि ताक. मांसाची चटक लागलेलं कुत्रं कळपात कोण ठेवील?

हा स्वभाव किती जन्मजात आणि किती घडवलेला, याचा पद्धतशीर अभ्यास 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सुरू झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लोरना कॉपिंजर या जोडप्याने युरोप आणि तुर्कस्तानातून अशी कुत्री आणली आणि त्यांची पिल्लं मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना दिली. त्यांच्या मते चांगल्या राखणदारात तीन गोष्टी लागतात. कळपाकडे लक्ष असणं, कळपाला इजा न करणं आणि परक्याला अडवणं. पहिल्या दोन गोष्टी पिल्लाच्या वाढीच्या पहिल्या काही महिन्यांत घडतात. त्या वयात पिल्लू ज्यांच्या सहवासात असतं, त्यांना ते आपलं मानतं. मेंढ्यांत वाढलं तर मेंढ्या आपल्या, माणसांत वाढलं तर माणसं आपली. गद्दी मेंढपाळांना हे कुणी शिकवायला नको होतं, त्यांची पिल्लं कळपातच जन्मतात आणि कळपातच रांगतात.

म्हणजे घरी पाळणं अशक्य नाही. घरात वाढलेलं पिल्लू घरच्यांना कळप मानतं, लहान मुलांशी विलक्षण सांभाळून वागतं. अशा कुत्र्यांचे मालक ज्याचं कौतुक करतात, ते हेच. फक्त तिसरी गोष्ट, परक्याला अडवणं, पॅकेजमधून वगळता येत नाही.

जात दुर्मीळ का झाली, याचं उत्तर मेंढपाळीच्या इतिहासात आहे. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश वनखात्याने कांगड्याची जंगलं ताब्यात घेतली, तेव्हापासून चराईवर कर आणि परवाने आले, वाटा आणि मुक्काम ठरवून दिले गेले. पुढे हिवाळी कुरणांवर चीड पाइनची लागवड झाली, उरल्यासुरल्या गवतावर घाणेरीने कब्जा केला. ही घाणेरी आपल्या माळांवर दिसते तीच. गद्द्यांची मुलं शिकली, नोकरीला लागली, फौजेत गेली. वर्षाचे आठ-नऊ महिने उघड्यावर काढायला कोण तयार होतो? कळप घटले तशी कुत्र्यांची गरज घटली. रस्त्याकडेच्या गावांत भटक्या आणि विलायती कुत्र्यांशी संकर वाढला. या जातीला कागदी वंशावळ कधी नव्हतीच. कामाला नालायक ठरलेलं कुत्रं टिकत नसे, हीच काय ती निवड, आणि काम गेलं तशी निवडही थांबली.

बाहेरच्या जगाला हिमालयी कुत्र्यांची ओळख मात्र याच काळात होत गेली. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत एक हिमालयी मेंढपाळी कुत्र्याचं होतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जाती पाळण्याचं आवाहन करताना मुधोळच्या जोडीने ‘हिमाचली हाउंड’चं नाव घेतलं. आता गद्दीला हाउंड म्हणणं म्हणजे वॉचमनला धावपटूचा बिल्ला लावणं, पण नाव रुळलं. त्याआधीपासूनच थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना रस्त्याकडेला केसाळ पिल्लं विकली जात आहेत. सिमला-कुलू-मनालीची सहल करून येणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ती पाहिली असतील. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. रस्त्याकडेला टोपलीत पिल्लं घेऊन बसलेल्याला यातलं काही विचारून बघा.

शेजारच्या तिबेटी मॅस्टिफचं काय झालं, तेही ताजं आहे. चीनमधल्या श्रीमंतांना त्याचं वेड लागलं. 2014 मध्ये झेजियांग प्रांतात एक पिल्लू 1 कोटी 20 लाख युआनला विकलं गेल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. थोड्याच काळात बाजार कोसळला, पैदास केंद्रं बंद पडली, आणि सोडून दिलेली कुत्री तिबेटच्या पठारावर टोळ्यांनी फिरू लागली. त्याच 2014 नंतर दहा वर्षांनी, म्हणजे मार्च 2024 मध्ये, आपल्या केंद्र सरकारने ‘हिंस्र’ म्हणून तेवीस जातींवर बंदी घालण्याचं पत्रक काढलं. त्या यादीत कंगाल, अकबाश, टोर्न्याक, शारप्लानिनात्स, कॉकेशियन अशी मेंढ्या राखणारी कुत्रीही होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्रक रद्द केलं. बंदी घालणं हा काही उपाय नव्हे, असं माझं मत. पण डोंगरातला राखणदार सोसायटीत आणला की तक्रार कुठवर पोचते, ते या यादीवरून कळतं.

सोसायटीच्या तक्रारी कोणत्या असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. रात्री भुंकणं, कारण रात्र ही त्याची ड्यूटी. रोज येणाऱ्या दूधवाल्यालाही रोज नव्याने अडवणं. बोलावल्यावर येण्याआधी यावं की नाही याचा विचार करणं. दाट दुहेरी केसांच्या या कुत्र्याला पुण्या-मुंबईचा मे महिना सोसवत नाही, ते वेगळंच.

फार्महाउसवर बिबट्यापासून राखण होईल, या आशेने गद्दी आणू पाहणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचं राज्य आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गद्दी डोंगरात बिबट्याला परतवतो तो मोकळा असताना, जोडीदार सोबत असताना, गळ्यात खिळ्यांचा पट्टा असताना, आणि हाकेच्या अंतरावर माणसं झोपलेली असताना. अंगणात साखळीने बांधलेला एकटा गद्दी बिबट्याच्या लेखी इतर कुत्र्यांसारखाच.

राखणीची कुत्री उशिरा वयात येतात. वर्षभर गद्दीचं पिल्लू गुबगुबीत, शांत, पाहुण्यांच्या मांडीवर बसणारं असतं, आणि घरचे म्हणतात, आपला तसा नाही. दीड-दोन वर्षांचा झाला की राखण जागी होते. घरी आलेल्या नातेवाइकाला तो दारात अडवतो, आणि मग त्याच्यासाठी दुसरं घर शोधायची धावपळ सुरू होते. डोंगरावर परत पाठवावा, असं अनेकांच्या मनात येतं. पण मेंढ्यांचा वास आयुष्यात न घेतलेला दोन वर्षांचा कुत्रा पुहालाच्या कामाचा नसतो. तो कोकराला आपलं मानत नाही, उलट त्याच्यामागे धावण्याचीच शक्यता जास्त.