ट्रकमधील फेरबदल आणि वॉरंटी

नव्या ट्रकमध्ये मालकाने कंपनीबाहेर काही बदल करून घेतले तर निर्मात्याची वॉरंटी कितपत टिकते, हा मालवाहतुकीच्या धंद्यातला जुना वाद आहे. कारमधले फेरबदल बहुतेक वेळा हौसेचे असतात. भारतीय ट्रकची गोष्ट वेगळी. इथे बरेच ट्रक नुसती चासी म्हणून विकले जातात: इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, सांगाडा आणि फार तर केबिन. हौदा आणि फाळके बॉडी बिल्डरकडे तयार होतात. तामिळनाडूतले नामक्कल या कामासाठी देशभर ओळखले जाते. म्हणजे गाडी पहिली खेप मारण्याआधीच तिला बाहेरचा हात लागलेला असतो. चासीची वॉरंटी निर्मात्याची, बॉडीची जबाबदारी ती बांधणाऱ्याची. दोघांची हद्द बॉडी चासीला आवळणाऱ्या यू-बोल्टांवर येऊन मिळते आणि भांडणेही बहुधा तिथूनच सुरू होतात.

चासीच्या दोन लांब दांड्यांच्या वरच्या-खालच्या पाळीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, असे निर्माते बॉडी बिल्डरला बजावतात. भाराने दांडा वाकू लागतो तेव्हा सर्वांत जास्त ताण या पाळ्यांवरच येतो, आणि तिथले एक भोक तडा जायला पुरते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढून ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची, जोडणी सोडवायची असते. घाईत ते राहिले आणि ईसीयू बाद झाला, तर तो दावा वॉरंटीत बसत नाही.

सर्वांत परिचित फेरबदल म्हणजे कमानीचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, पाटे वाढवणे. उसाच्या हंगामात किंवा वाळूच्या धंद्यात गाडी बसू नये म्हणून कमानीत एक-दोन जादा पाटे घातले जातात. त्याने गाडी ताठ उभी राहते, पण तिची भारक्षमता वाढत नाही. वाढलेला भार तसाच ॲक्सल, हबचे बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांच्यावर जातो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली आणि तीन ॲक्सलच्या ट्रकचे कमाल एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर नेले. पण अधिसूचना निघाली म्हणून जुन्या ॲक्सलचे पोलाद काही जाड झाले नाही. अशा गाडीचे हबचे बेअरिंग गेले तर सर्व्हिस सेंटरवाला आधी पाटे मोजतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. मात्र त्याच पाट्यांकडे बोट दाखवून त्याने वायपरच्या मोटरचा दावा फेटाळला, तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर वादाला नवा विषय मिळाला. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी बहुतेक अवजड ट्रकमध्ये ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वापरले जाते. चालकांच्या भाषेत नुसता ‘युरिया’. तो संपला की ईसीयू इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. हा खर्च टाळायला काही जण सेन्सरला चकवणारी डबी बसवतात किंवा ईसीयूचा प्रोग्रॅमच बदलून घेतात. यात इंजिन आणि उत्सर्जन यंत्रणा या दोन्हींच्या वॉरंटीवर पाणी सोडावे लागते. पाटा काढून ठेवता येतो. बदललेल्या प्रोग्रॅमची खूण मात्र ईसीयूत सापडू शकते.

कायद्याच्या दोन बाजू इथे वेगळ्या ठेवाव्या लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. बेकायदा फेरबदलासाठी मालकाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे झाले सरकार आणि मालक यांच्यातले. वॉरंटी हा मालक आणि निर्माता यांच्यातला करार; कायदेशीर फेरबदलही त्याच्या अटीत अडकू शकतो.

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या बाबतीत ‘आमचाच सुटा भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही’ ही अट सर्वसाधारणपणे निषिद्ध केली. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. त्याच्या सर्वांत जवळ जातो तो भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा आदेश. तो १४ कार कंपन्यांविरुद्ध होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट आयोगाने त्यात अमान्य केली. ट्रक त्याच्या कक्षेत नव्हते, पण विचारसरणी तिथेही लागू पडावी: बिघाड आणि बदल यांचा संबंध दिसला पाहिजे. म्हणून दावा नाकारला गेला तर त्याचे कारण जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, लेखी मागावे. ‘गाडीला हात लावलाय’ हे तोंडी उत्तर पुढे कुठेच कामाला येत नाही.

दाद कुठे मागायची, हे गाड्यांच्या संख्येवरही ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक मानला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेणारा मात्र मानला जातो. त्यामुळे एका ट्रकवर घर चालवणारा चालक-मालक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. पन्नास गाड्यांच्या वाहतूकदाराला ती वाट सहसा मिळत नाही. पण पुढच्या दहा गाड्यांची ऑर्डर हातात असल्याने त्याचा दावा अनेकदा विक्रेत्याच्या टेबलावरच मिटतो.