जाळ्याविना शिकार करणारे कोळी

‘प्रत्येक कोळी जाळे विणतो आणि सावज अडकण्याची वाट पाहतो,’ असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. घराच्या कोपऱ्यांत जाळीच दिसत असल्याने तो स्वाभाविकही आहे. आफ्रिकेच्या सॅव्हानात गवतावर आणि झुडपांवर राहणारे ऑक्सिओपिस प्रजातीचे लिंक्स कोळी मात्र शिकारीसाठी जाळे विणत नाहीत. त्यांच्या आठ डोळ्यांपैकी सहा षटकोनात मांडलेले असतात. दिवसाउजेडी कीटकाची हालचाल टिपून ते पानांवरून धावत जातात किंवा थेट झेप घेतात आणि लांब, ताठ काटे असलेल्या पायांनी सावज पकडतात.

रेशीम त्यांच्याकडेही असते, परंतु ते झेप घेताना आधाराचा धागा म्हणून आणि अंड्यांची पिशवी झाडाला बांधण्यासाठी वापरले जाते. त्या पिशवीवर मादी पहारा देते.

पडताळणीसाठी सॅव्हाना गाठण्याची गरज नाही, कारण याच प्रजातीचे कोळी महाराष्ट्रातील शेतांतही आढळतात. झुडपाखाली उलटी छत्री धरून फांदी हलवावी, पडलेल्या कोळ्यांत काटेरी पायांचा आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या पोटाचा कोळी शोधावा. डोळ्यांची मांडणी पाहायला भिंग लागेल. पाय मात्र नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतात.