टी पेशी गप्प कशा बसतात?

१९८७ साली अमेरिकेत मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, मुद्दाम अर्धवट निरोप दिला. टी पेशीला परके प्रथिन थेट ओळखता येत नाही. दुसऱ्या पेशीने त्याचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवावा लागतो. या दोघांनी अशा दाखवणाऱ्या पेशींवर आधीच रासायनिक प्रक्रिया केली. तुकडा दिसत होता, पण त्याच्या जोडीला लागणारा दुसरा संकेत गायब होता. टी पेशी वाढल्या नाहीत. खरी गंमत पुढेच. त्याच टी पेशींना नंतर धडधाकट पेशींनी तोच तुकडा दाखवला, तरी त्या ढिम्म! मेल्या मात्र नव्हत्या. बाहेरून इंटरल्यूकिन-२ हे टी पेशींना वाढवणारे प्रथिन दिले की वाढत होत्या.

हा दुसरा संकेत मुख्यतः टी पेशीवरचा सीडी२८ आणि समोरच्या पेशीवरचे बी७ रेणू यांच्या गाठीतून मिळतो. संसर्गाची चाहूल लागली की डेंड्रिटिक पेशी, म्हणजे तुकडे दाखवण्यात पटाईत पेशी, बी७ भराभर वाढवतात. शरीरावरच उलटू शकणाऱ्या बऱ्याच टी पेशी थायमस ग्रंथीत मारल्या जातात, पण काही निसटतातच. संसर्ग नसताना त्यांना दुसरा संकेत मिळत नाही आणि त्या गप्प बसतात; त्यांना बाहेर आवरण्याचा हा एक मार्ग. (दुसरा नियामक टी पेशींचा; २०२५ चे वैद्यकातले नोबेल त्याच कामाला मिळाले.)

सीडी२८ शी खेळणे किती महागात पडते, हे मार्च २००६ मध्ये लंडनला दिसले. टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड सीडी२८ ला असे चिकटे, की पहिल्या संकेतावाचूनच टी पेशी चेतत. माकडांना त्याने काही झाले नव्हते. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या ५०० पट कमी औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले. दीड तासाच्या आत सहाही जणांचे डोके ठणकू लागले. मग ताप चढला, रक्तदाब घसरला, पुढे अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, हे नशीबच. त्या माकडांच्या काही स्मृती टी पेशींवर (जुन्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या पेशींवर) सीडी२८ नसतेच, हे नंतर उमगले.

सीटीएलए-४ हा टी पेशीवरचा दुसरा रेणू तेच बी७ अधिक घट्ट धरतो आणि पेशीला आवरतो. अमेरिकी संशोधक जेम्स ॲलिसन यांनी त्यालाच अडवून कर्करोगावर टी पेशी मोकाट सोडल्या. त्यातून आलेल्या इपिलिमुमॅब या औषधाला २०११ मध्ये मान्यता मिळाली. उलट अबॅटासेप्ट हे संधिवाताचे औषध सीटीएलए-४ च्याच तुकड्यापासून बनवलेले. ते बी७ झाकून टाकते. मग प्रयोगशाळेतल्या टी पेशींसारख्या रुग्णाच्या टी पेशीही कायमच्या गप्प होतात का? सहसा नाही. औषध थांबवले की बऱ्याच जणांत आजार पुन्हा डोके वर काढतो.