ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : झटके आणि ऑइलची तपासणी

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलताना झटका बसणे, ‘डी’ टाकल्यावर गाडी उशिरा धरणे, रेस वाढूनही वेग न वाढणे किंवा ठराविक वेगाला थरथर होणे, या लक्षणांवरून बिघाडाचे मूळ शोधण्याची रीत. गोव्यात उष्णता आणि पाणी ही त्यामागची दोन मोठी कारणे. पर्वरीत किंवा कळंगुटच्या वाटेवर हंगामात कासवगतीने सरकणारी रांग आणि चोर्ला, अनमोड घाटांचे चढ ऑइल तापवतात; पावसाळ्यात सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, तेव्हा रस्त्यांवर तुंबलेले पाणी उरलेले काम करते.

आधी गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. छोट्या गाड्यांतला एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. गिअर बदलताना मान किंचित डोलणे हा त्याचा स्वभाव आहे, आजार नव्हे. त्यात लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) नसते, गिअर ऑइल असते. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की त्याचा क्लच जळतो. कोरड्या क्लचच्या डीसीटीचेही (दोन क्लचचा गिअरबॉक्स) तेच. सीव्हीटीला (ठराविक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारा गिअरबॉक्स) तिचेच ऑइल लागते. ‘लाल ते लाल’ म्हणून साधे एटीएफ ओतल्यास पट्टा पुलीवर घसरतो आणि पुलीला चरे पडतात. पुढील माहिती मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची शक्ती ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) गिअरबॉक्सची आहे.

डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) असेल तर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून ती सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढून ब्रेक दाबावा, लिव्हर ‘पी’पासून खालपर्यंत प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबवून परत ‘पी’त आणावा आणि इंजिन चालू ठेवून पातळी पाहावी. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र ती इंजिन बंद केल्यावर लगेच पाहतात. म्हणून गाडीचे माहितीपुस्तक उघडावेच. डिपस्टिक नसेल तर कंपनीने दिलेल्या तापमानाला, गाडी समतल उचलून, ओव्हरफ्लो प्लगमधून पातळी ठरवतात. गार ऑइलवर अंदाजाने भरणारे गॅरेज टाळावे. कमी ऑइलमध्ये पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर उशिरा धरतो. जास्त भरले तर फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो.

पांढऱ्या टिशूवर एक थेंब टाकून रंग व वास घ्यावा. तपकिरी झालेले ऑइल जुने असते. काळे आणि करपट वासाचे असेल तर क्लच प्लेटी जळू लागल्या आहेत. दुधी गुलाबी रंग सर्वांत वाईट, कारण त्यात पाणी आहे. ते दोन वाटांनी येते. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटला की कूलंट मिसळते. अशा वेळी कूलंटची पातळी उतरते किंवा टाकीत तेलकट तवंग दिसतो. दुसरी वाट पुराची : तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडून झटकन गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा येण्याजाण्याचे भोक) पाणी ओढले जाते. पाण्याने प्लेटींवरच्या अस्तराचा चिकटा सुटतो, म्हणून अशी गाडी चालवून बघू नये, टो करावी. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खाऱ्या हवेने कूलरच्या धातूच्या नळ्या गंजून बारीक गळती लागते, तीही पाहावी.

गरम गाडीत ‘एन’मधून ‘डी’ टाकून पकड यायला किती वेळ लागतो ते मोजतात. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्सना ‘डी’साठी १.२ आणि ‘आर’साठी १.५ सेकंदांची मर्यादा आहे. ४० ते ७० किमी वेगात खडबडीत रस्त्यासारखी थरथर येत असेल तर संशय लॉक-अप क्लचवर (कन्व्हर्टर घसरू न देता थेट जोडून धरणारा क्लच). ऑइल बदलून ती पुष्कळदा जाते. एकाच बदलाला झटका बसत असेल तर त्या बदलाचा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारी विजेची झडप) किंवा व्हॉल्व्ह पाहावा, सगळ्याच बदलांना बसत असेल तर दाब किंवा ऑइल.

स्कॅनरवर पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसला म्हणजे फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे तक्रार आहे’. खरा कोड तिथे वाचावा. पी०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही. फुटलेला इंजिन माउंट (इंजिन धरणारा रबरी आधार), मिसफायर (इंधन नीट न पेटणे) आणि अशक्त बॅटरी हे तिघेही गिअरबॉक्सचे सोंग आणतात. बॅटरी काढल्यावर काही दिवस झटके बसणे कंट्रोलरने शिकलेले पुसले गेल्याने होते. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीच्या उतारावर हँडब्रेक न ओढता ‘पी’ टाकला की गाडीचे वजन पार्किंगच्या खिळीवर (‘पी’त गिअरबॉक्स अडकवून ठेवणारा दांडा) बसते. निघताना येणारा ‘ठक्’ तिचा असतो.

एकदा ड्रेन केल्याने अनेक गिअरबॉक्समधून ३-४ लिटरच निघते. उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून मध्ये काहीशे किमी चालवून दोन-तीन वेळा बदलतात. पॅनच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणे ठीक, चकाकणारे तुकडे मिळाले तर ऑइल बदलणे वाया. ‘लाइफटाइम’ ऑइलवर विसंबू नये. घाट आणि रांगा नेहमीच्या असतील तर ४०,००० ते ६०,००० किमीला बदलावे. लाखभर किमी हात न लावलेल्या गिअरबॉक्सला मशीनने फ्लश करू नये, सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल वळवणाऱ्या झडपांचा ठोकळा) बारीक वाटांत अडकतो.