‘हिला कुठलं मूल होणार?’

बेळगावचा कुंदा आटताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना सिस्टिक फायब्रोसिस चटकन समजेल. दुधातलं पाणी आटत जातं तसं उलथनं फिरवणारा हात जड होतो. या आजारात शरीरातल्या स्रावांची गत तशीच होते. १९८९ साली सापडलेला सीएफटीआर जनुक पेशींतून क्षार आणि पाण्याची ये-जा सांभाळतो. आई आणि वडील दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, की कफ चिकट होतो, पचनरसाच्या नळ्या तुंबतात आणि बाळाचा मुका घेताना आईच्या ओठांना मीठ लागतं. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक जमवण्याची आपल्याकडची रीत अशा आजारांचा धोका वाढवते.

या आजाराच्या मुलींच्या गर्भाशयाच्या मुखाशीही स्राव घट्टच राहतो. एरवी दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पातळ होऊन शुक्रजंतूंना वाट देतो. म्हणून ‘हिला कुठलं मूल होणार’ असं घरचे धरूनच चालतात. हा समज मला फार धोक्याचा वाटतो. या आजाराच्या पुरुषांत शुक्रवाहिन्या बहुधा तयारच होत नाहीत, पण बाईचं गर्भाशय आणि बीजकोश सहसा ठीक असतात. दिवस राहायला वेळ लागेल, पण राहू शकतात. २०१९ मध्ये अमेरिकेत या आजारावर तीन औषधं एकत्र असलेली गोळी आली आणि तिथे ध्यानीमनी नसताना दिवस राहिलेल्या बायका दिसू लागल्या.

मग पाळणा लांबवायचा कसा? ‘तांबी’ इथे बरी, कारण तिचा इतर औषधांशी संबंध येत नाही. अंतरा इंजेक्शनाने हाडांची घनता कमी होते, आणि चरबी नीट न पचल्याने ड जीवनसत्त्व कमी पडून या मुलींची हाडं आधीच कमजोर असतात. यकृत बिघडलं असेल किंवा औषधांसाठी शिरेत कायमची नळी असेल, तर माला-डीसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, रक्ताच्या गुठळीची भीती असते. जुना खोकला म्हणजे टीबी, असं समजून रिफॅम्पिसिन सुरू झालं असेल तर तेही सांगावं. त्या औषधाने यकृत गोळीतले हार्मोन भराभर मोडतं आणि गोळी फसते.

प्रतिजैविकांनी वरचेवर अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते. त्यावर साधे उपचार आहेत. खोकल्याबरोबर लघवीचे थेंब जातात, हे मात्र कुणीच बोलत नाही. खानापूरहून बेळगावला बसने येणारी मुलगी उबळ आली की पाय घट्ट आवळून बसते, तहान लागली तरी पाणी पीत नाही. पाणी तोडल्याने तिचा कफ आणखी घट्ट होतो. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू खोकण्याच्या क्षणभर आधी आवळायचे, खोकून झाल्यावर सैल सोडायचे. हे बसल्या जागी, चालत्या बसमध्येही जमतं.